गिझरच्या पोटातला क्षार

श्रीरामपूर तालुक्यात गिझरची कॉइल जळाली की दोष सहसा कंपनीला दिला जातो. पण जळालेली कॉइल बाहेर काढून पाहिली, तर कारण बहुतेक वेळा तिच्या अंगावरच दिसते. तांब्याची नळी दिसतच नाही. दिसते ते करड्या-पांढऱ्या क्षाराचे खरबरीत कवच. वेटोळ्यांमधल्या फटीही भरून गेलेल्या असतात. पान्ह्याने हलकेच ठोकले तर अंड्याच्या टरफलापेक्षा जाड पापुद्रे गळून पडतात. टाकीच्या तळाशी हात घातला तर मुठीत पांढरी कच येते.

हा क्षार आपल्याच पाण्यातून येतो, आणि तो येणे आपण थांबवू शकत नाही. मात्र तो साचू न देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी एकच सवय लागते: गिझर ठरावीक काळाने, बहुतेक घरांत वर्षातून दोनदा, पूर्ण रिकामा करून धुवायचा. तासाभराचे काम आहे. त्याने कॉइल आणि टाकी जास्त वर्षे टिकतात, आणि सुरक्षेची झडप तुंबत नाही, हा त्याहून मोठा फायदा.

आपले पाणी जड का?

आपल्याकडे दोन तऱ्हेचे पाणी येते. एक कालव्याचे. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला 1910 ते 1926 या काळात विल्सन धरण बांधले गेले, आणि प्रवरेच्या कालव्यांवर आपला भाग बागायती झाला. पावसाचे साठवलेले हे पाणी तुलनेने हलके असते. श्रीरामपूर शहरातल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा आधारही डावा कालवाच आहे.

दुसरे पाणी विहिरीचे आणि बोअरचे. आपल्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. त्यात ऊस, काळी जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे पाटपाणी यांमुळे पाण्याचा निचरा न होणाऱ्या भागांत क्षार वर आले. क्षारपड झालेले रान ज्यांच्याकडे आहे त्यांना बांधाच्या कडेला फुटणारा पांढरा थर ठाऊकच आहे. तेच क्षार त्या रानातल्या विहिरीतून घरच्या टाकीत येतात.

बेलापूर, टाकळीभान, पढेगाव, हरेगाव या बाजूच्या अनेक घरांत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडते. कालव्याचे आवर्तन सुरू असताना आणि नळाला पाणी असताना हलके, नाहीतर बोअरचे जड. म्हणून शेजारच्याचा गिझर दहा वर्षे चालला आणि आपला तीन वर्षांत गेला, याचे आश्चर्य वाटून घेण्याचे कारण नाही. आधी आपल्या टाकीतले पाणी ओळखा.

जडपणा कसा ओळखावा?

घरगुती परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटलीत निम्मे पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा त्यात विरघळवा आणि जोराने हलवा. वर भरपूर फेस आणि खाली जवळजवळ स्वच्छ पाणी राहिले तर पाणी हलके. फेस कमी आणि पाणी दुधट, साबणाचे कण तरंगणारे, तर पाणी जड. कपडे धुण्याच्या पावडरीने ही परीक्षा करू नका. ती जड पाण्यातही फेसाळते.

पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकणारे टीडीएसचे मीटर दाखवतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची बेरीज. त्यात मीठही आले. गिझरला त्रास देतो तो त्यातला जडपणाचा भाग, म्हणून तो वेगळा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीसुद्धा गिझरसाठी चांगलेच जड असू शकते.

शेतकऱ्यांच्या घरी बहुधा उत्तर आधीपासूनच कपाटात असते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र अशा ठिकाणी माती-पाणी तपासून घेणारे बरेच जण आहेत. विहिरीच्या पाण्याचा असा अहवाल असेल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आकडे पाहा. ते मिलिइक्विव्हॅलंटमध्ये दिलेले असतील, तर दोन्हींची बेरीज करून 50 ने गुणा; जडपणा लिटरला इतके मिलिग्रॅम. बेरीज 8 आली तर जडपणा 400.

वेळापत्रकाचा साधा हिशेब असा ठेवा: जडपणा 200 पर्यंत असेल तर वर्षातून एकदा, 200 ते 400 असेल तर दोनदा, आणि त्यापुढे असेल तर गिझर वापरात असेपर्यंत दर तीन महिन्यांनी धुवा. आकडा माहीत नसेल तर दोनदा धराच.

आत नेमके काय घडते?

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की फुटते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच प्रकार, मागे राहते. पाणी जितके जास्त तापेल तितके हे वेगाने होते, आणि सर्वांत तापलेली जागा म्हणजे कॉइल. म्हणून पहिला थर तिच्यावर चढतो.

हा साठा किती होईल याचा अंदाज घेऊ. घरात रोज 60 लिटर पाणी गिझरमधून जाते आणि जडपणा 400 आहे असे धरा. रोज 24 ग्रॅम क्षार त्या टाकीतून प्रवास करतात. त्यातला दहावा भाग जरी आत थांबला, तरी सहा महिन्यांत साधारण 430 ग्रॅम होतात. टाकी 15 लिटरची असेल तर हे थोडे नाही.

कॉइलवरचा थर गोधडीसारखा वागतो. आतली उष्णता लवकर बाहेर पडू देत नाही. बिल लगेच दुप्पट होते, असे काही जण सांगतात. ते खरे नाही. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असल्यामुळे उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. खरे नुकसान कॉइलचे होते. आत कोंडलेल्या उष्णतेने ती प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस फुटते. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार चढला की त्यालाही पाण्याचे तापमान नीट कळत नाही. गिझर तापताना तडतड किंवा खदखद असा आवाज येऊ लागला, तर थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आहे असे समजा. धुण्याची वेळ टळून गेली आहे.

पाणी तापायला उशीर लागतो म्हणून क्षाराला दोष देण्याआधी मात्र घड्याळ आणि व्होल्टेज पाहा. 2000 वॅटच्या गिझरला 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 21 मिनिटे आणि 25 लिटरला 35 मिनिटे लागतात. व्होल्टेज 230 वरून 190 वर आले तर कॉइलची ताकद दोन तृतीयांशांच्या आसपास उरते आणि 35 मिनिटांची 51 होतात. वस्तीवरच्या घरांत हे नेहमी घडते. तिथे गिझर खोलून उपयोग नाही.

आपल्या भागातल्या साखर कारखान्यांत हे ज्ञान फार जुने आहे. हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर, प्रवरानगर इथल्या बॉयलरवर ज्यांच्या घरातल्या माणसांनी काम केले, त्यांना विचारा. बॉयलरला जाणारे पाणी आधी मऊ करून घेतात, आणि तळाची झडप ठरावीक वेळाने उघडून साचलेले गढूळ पाणी सोडून देतात. त्याला ब्लो डाउन म्हणतात. घरातल्या तांब्याच्या बंबालाही हीच शिस्त होती. तो रिकामा करून चिंचेने घासत. चिंचेतल्या आम्लाने तांब्याचा काळपटपणा आणि क्षार दोन्ही सुटत. गिझर भिंतीवर, उंचावर आणि बंद खोक्यात गेला, आत दिसेनासे झाले, आणि ती सवय मोडली.

गिझर रिकामा करण्याची पद्धत

हे काम दिवसाउजेडी करा, आणि स्टूल भक्कम घ्या. हाताशी पान्हा, दोन बादल्या, टेफ्लॉन टेप आणि नवा वॉशर असू द्या.

1. गिझरचे बटण बंद करून थांबू नका. प्लग काढा किंवा त्याचा एमसीबी पाडा. थेट जोडणी असेल तर मेन स्विच बंद करा.

2. गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा आणि गार पाणी येईपर्यंत वाहू द्या. टाकीतले उकळते पाणी असे निघून जाते आणि हात भाजण्याची भीती राहत नाही. हे पाणी बादलीत धरून धुण्याभांड्याला वापरा.

3. गिझरकडे जाणारा गार पाण्याचा अँगल कॉक घट्ट बंद करा. गरम नळ उघडाच ठेवा, म्हणजे त्या वाटेने आत हवा जाईल. हवा गेली नाही तर पाणी उतरत नाही.

4. आता गार पाण्याच्या बाजूची कनेक्शन पाईप सोडवा. बऱ्याच गिझरना याच तोंडावर लहान दांडी असलेली सुरक्षेची झडप असते. ती पाणी उलटे येऊ देत नाही, म्हणून दांडी उचलून धरा किंवा झडपच सोडवून काढा. खाली बादली धरा. काही गिझरना तळाशी वेगळा स्क्रू किंवा प्लग असतो. तो असेल तर तोच उघडा. उभ्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. म्हणून रोज नळ सोडून तळाचा क्षार कधीच निघत नाही. तो गार पाण्याच्या तोंडातूनच काढावा लागतो.

5. बादलीत पडलेले पाणी पाच मिनिटे स्थिर ठेवा आणि तळ पाहा. पांढरी कच म्हणजे क्षार. तांबूस गाळ म्हणजे टाकी किंवा पाईप गंजते आहे. तो पुन्हा पुन्हा दिसला तर टाकीचे आयुष्य संपत आले आहे असे समजा.

6. पाईप जोडा, कॉक उघडून टाकीत चार-पाच लिटर पाणी जोरात घ्या, पुन्हा सोडवा आणि बाहेर काढा. जोराच्या पाण्याने तळ ढवळला जातो. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे तीन-चार वेळा करा.

7. जोडणी करताना जुना वॉशर परत लावू नका. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. कॉक उघडा, गरम नळ उघडा ठेवा, आणि नळातून हवा न फुसफुसता अखंड धार येईपर्यंत थांबा. मग नळ बंद करा, सांधे कोरड्या कागदाने पुसून गळती तपासा, आणि सर्वांत शेवटी वीज सुरू करा. रिकाम्या टाकीत कॉइल सुरू झाली तर ती काही मिनिटांत जळते. या कामात होणारी सर्वांत महागडी चूक ती हीच.

कॉइल आणि मॅग्नेशियमची कांडी

पाणी बदलल्याने तळ स्वच्छ होतो, कॉइलवरचा चिकटलेला थर मात्र तसाच राहतो. वर्षातून एकदा, जड पाण्याला शक्यतो दोनदा, खालचे झाकण खोलून कॉइल बाहेर काढावी लागते. यात विजेच्या तारा सोडवायच्या असतात, म्हणून हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पण तो काय करतो ते शेजारी उभे राहून पाहा.

कॉइलवरचा थर हातोडीने किंवा सुरीने खरवडू देऊ नका. वरचा पत्रा पातळ असतो, चीर पडली की पाणी आत शिरते. किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, कोमट पाण्यात लिटरला 50 ग्रॅम या प्रमाणात विरघळवा आणि प्लास्टिकच्या बादलीत फक्त नळ्यांचा भाग बुडवा. तारांची टोके कोरडी राहिली पाहिजेत. बुडबुडे येऊ लागतात, थर भुसभुशीत होतो. तासाभराने नायलॉनच्या ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुवा. थर जाड असेल तर नवे द्रावण करून पुन्हा बुडवा.

संडास धुण्याचे ॲसिड गिझरला कधीही लावू नका. ते क्षाराबरोबर तांबे आणि टाकीचा आतला लेपही खाते. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि मोरी ही बंद जागा आहे.

कॉइलशेजारीच बहुतेक गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्याने टाकीचे लोखंड खाण्याऐवजी तिला खावे, यासाठीच ती ठेवलेली असते. ती झिजली म्हणजे बिघडली नाही, तिने आपले काम केले. एक तृतीयांश उरली किंवा आतली तार दिसू लागली की बदला. बोअरच्या खारट पाण्यात ती भराभर संपते, आणि ती संपल्यावर टाकी गंजू लागते. झाकण खोलले असताना गॅस्केटही नवा घाला.

दांडीची झडप

पाणी तापले की फुगते. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर गेले तर पाव लिटरहून जास्त वाढते. ते बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे दांडीची झडप. गिझर तापत असताना तिच्यातून थेंब पडणे हे ती चालू असल्याचे लक्षण आहे. काही घरांत गळती समजून तिचे तोंड बुच मारून बंद केले जाते. असे कधीही करू नका. थर्मोस्टॅट अडकला आणि वाटही बंद असली, तर टाकी फुटते, आणि फुटलेल्या टाकीने भिंत पाडल्याची उदाहरणे जगभर आहेत.

महिन्यातून एकदा दांडी उचला. पाणी जोरात आले आणि दांडी सोडताच थांबले तर झडप ठीक आहे. दांडी हललीच नाही, तर क्षाराने ती धरली आहे; त्याच आठवड्यात बदला. गिझर बंद असतानाही थेंब थांबत नसतील तरी बदला.

थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवला तर आंघोळीला पुरते आणि 60 च्या वर झपाट्याने वाढणारा क्षारही आटोक्यात राहतो. शिवाय 60 अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजते. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत त्याहून लवकर. पाणी बरेच दिवस साचून राहिले असेल तेव्हा मात्र एकदा 60 पर्यंत तापवून ते सोडून द्या, म्हणजे वाढलेले जंतू मरतात.

गिझर 16 अँपिअरच्या सॉकेटवरच असू द्या, अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. क्षाराने फुटलेली कॉइल पाण्यात वीज उतरवते. त्या क्षणी माणूस वाचतो तो अर्थिंग आणि आरसीसीबी या दोन गोष्टींमुळेच.

गच्चीवरचा सोलर

आपल्याकडे काचेच्या नळ्यांचे सोलर बरेच आहेत आणि जड पाण्याला तेच बरे. तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पॅनेल क्षाराने तुंबते. ते घ्यायचेच असेल तर पॅनेलमधले पाणी वेगळे ठेवणारा प्रकार घ्या.

सोलरच्या टाकीची ड्रेनची चावी दर तीन महिन्यांनी उघडून तळ वाहून जाऊ द्या. मात्र काचेच्या नळ्या खालून बंद असतात आणि कच त्यांच्या तळाशी बसते. ती चावीतून येत नाही. वर्षातून एकदा नळ्या उपसून धुवाव्या लागतात. नळी बसवताना रबरी रिंगला साबणाचे पाणी लावले तर ती न फाटता बसते.

हे सगळे पहाटे, ऊन चढण्याआधी करा. तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेले की काच तडकते. टाकीवरची हवेची उभी पाईप क्षाराने बंद झाली नाही ना, तेही त्याच वेळी पाहा.

बंद घर, गॅस गिझर आणि जाहिराती

मुलांकडे पुण्या-मुंबईला दोन-तीन महिने जाणार असाल, तर गिझर रिकामा करून, वीज आणि कॉक दोन्ही बंद करून जा. परतल्यावर आधी धुवा, भरा, तापवा, सोडून द्या आणि मगच आंघोळीला पाणी घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तरी उपाय हाच.

गॅस गिझरमध्ये क्षाराने गॅसचा खर्च खरोखरच वाढतो, कारण पाण्यात न शिरलेली उष्णता धुरावाटे निघून जाते. त्याहून महत्त्वाचे, तो न्हाणीघरात नकोच. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावा, आत फक्त पाण्याची पाईप आणा.

पाईपला बांधायच्या चुंबकांवर विसंबू नका. जडपणा खरोखर काढतो तो मिठावर चालणारा सॉफ्टनर. तो परवडत नसेल तर गिझरच्या आधी पॉलिफॉस्फेटचे फिल्टर लावता येते. त्याने क्षार जात नाही, पण चिकटणे कमी होते. सॉफ्टनर लावला तर मॅग्नेशियमची कांडी जास्त वेळा तपासा.

वर्षाचे वेळापत्रक

घटस्थापनेच्या आधी घराची साफसफाई काढता, तेव्हाच गिझरही काढा. झाकण खोलून कॉइल आणि कांडी याच वेळी पाहून घ्या, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला आणि पुढच्या थंडीला तो तयार असतो. होळीनंतर वापर कमी झाला की दुसऱ्यांदा रिकामा करून धुवा. उन्हाळ्याचे चार महिने जड पाणी आत साचवून ठेवू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दांडी उचला. धुतल्याची तारीख गिझरच्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, आणि वॉरंटी कार्डात जड पाण्याबद्दलची अट वाचा; क्षाराने झालेले नुकसान बऱ्याच कंपन्या भरून देत नाहीत.

यंदा पहिल्यांदा रिकामा करणार असाल, तर बादलीच्या तळाशी किती कच बसली ते पाहा. पुढची खेप तीन महिन्यांनी की सहा महिन्यांनी, हे त्यावरूनच ठरवा.